द्रव्य आणि कल्पना
स्वरस, हिम, फांट, क्वाथ हे केवळ नामभेद नव्हेत, याचा प्रत्यय चीनमधील हिवतापावरील संशोधनाने दिला. तू यूयू यांच्या चमूला छिंगहाव वनस्पतीच्या अर्काचा खात्रीचा गुण मिळत नव्हता. चौथ्या शतकातील ग हुंग यांच्या ग्रंथात मात्र ती पाण्यात भिजवून, पिळून रस घेण्यास सांगितले होते. उष्णतेने कार्यकारी द्रव्य नष्ट होत असावे, असे अनुमान करून १९७१ मध्ये त्यांनी सुमारे ३५ अंशांना उकळणारे ईथर वापरले आणि यश आले. पुढे रसायनशास्त्राने आर्टेमिसिनिनची रचना उलगडली. जैवअभियांत्रिकीने यीस्टकरवी त्याचे पूर्वद्रव्य घडविले. २०१५ मध्ये तू यूयू नोबेलच्या मानकरी ठरल्या. वैद्यबंधूंनी संशोधकाहाती द्रव्य देताना कल्पनेचा विधीही द्यावा. अन्यथा सदोष प्रयोगाचे अपयश औषधाच्या माथी बसेल.