चित्र कोणाचे, नाव कोणाचे?

प्राथमिक शाळेतील चित्रकलेचा तास पूर्वी वर्गाच्या चार भिंतींत सुरू होई आणि तेथेच संपे. पाटीवर काढलेला मोर तास संपताच पुसला जाई. कागदावरचे चित्र फार तर भिंतीवर लागे किंवा घरी आईच्या हाती पडे. आज ती स्थिती राहिलेली नाही. मुलाने चित्र काढावे, शिक्षकाने मोबाईलवर त्याचे छायाचित्र घ्यावे, ते केंद्राच्या गटावर जावे, तेथून तालुक्याच्या गटावर, आणि सायंकाळपर्यंत ज्यांना त्या मुलाचे गावही ठाऊक नाही अशा शेकडो लोकांनी ते पाहावे, हा आता नित्याचा व्यवहार झाला आहे. यात आनंद आहे, उत्तेजन आहे. परंतु जेथे देवघेव आली, तेथे रीतभात आणि न्याय यांचाही प्रश्न आलाच. बाजारात मापात पाप होऊ नये हे मुलांना शिकविले जाते. चित्रांच्या या नव्या बाजारातील माप कोणते, हेही त्यांना शिकविणे आता प्राप्त झाले आहे.

एक कल्पित प्रसंग

मालेगावच्या आसपासच्या एखाद्या खेड्यातील शाळा डोळ्यांपुढे आणावी. पाचवीतील एका मुलीचे वडील रात्रपाळीला यंत्रमागावर जातात. आई घरी कांड्या भरते. त्या मुलीने एके दिवशी रात्रीचा कारखाना काढला. मागांच्या रांगा, एकच दिवा, आणि दाराशी डबा घेऊन उभी असलेली ती स्वतः. चित्र उत्तम वठले. शिक्षकाने कौतुकाने ते गटावर पाठविले; पण खाली केवळ "आमच्या शाळेचा उपक्रम" एवढेच लिहिले. दुसऱ्या कोणी ते पुढे पाठविताना कोपऱ्यातील सही कापली गेली. तिसऱ्या ठिकाणी ते एका भलत्याच शाळेच्या हस्तलिखिताचे मुखपृष्ठ झाले.

या साखळीत चोरीचा हेतू कोणाचाच नव्हता. तरीही महिन्याभराने शेजाऱ्याच्या मोबाईलवर ते चित्र पाहून ती मुलगी जेव्हा "हे माझे आहे" असे म्हणते आणि मोठी माणसे हसून "तुझे कशावरून?" असे विचारतात, तेव्हा तिच्या मनात काय बसते? श्रम आपण करावेत आणि नाव दुसऱ्याचे व्हावे, हाच जगाचा न्याय असल्याचा धडा ती शिकते. हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. पण तो एकदा मनावर ठसला म्हणजे पुसणे कठीण. म्हणून हा विषय लहान दिसला तरी लहान नाही.

नक्कल आणि चोरी

येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. नक्कल करणे ही वाईट गोष्ट नव्हे. कित्ता गिरविल्याशिवाय अक्षर वळत नाही आणि चांगली चित्रे समोर ठेवून ती उतरविल्याशिवाय हात बसत नाही. शिकण्यासाठी केलेली नक्कल हा कलेचा राजमार्गच आहे. दोष नकलेत नसून नक्कल लपविण्यात आहे. मुलाने पुस्तकातील वाघ पाहून वाघ काढला आणि खाली "अमुक पुस्तकातील चित्रावरून" असे लिहिले, तर तो अभ्यास झाला. तेच चित्र "माझी स्वतःची कल्पना" म्हणून स्पर्धेत ठेवले, तर ती फसवणूक झाली. चित्र तेच, हात तोच. फरक पडला तो एका ओळीने.

तेव्हा मुलांना तीन पायऱ्या स्पष्ट करून सांगाव्यात. पाहून जसेच्या तसे काढलेले ते 'अनुकृती'. दुसऱ्याची कल्पना घेऊन तीत आपली भर घातलेली ते 'आधारित'. विषय, मांडणी आणि रेषा सर्व स्वतःची असलेले ते 'स्वतंत्र'. तिन्हींना वर्गात स्थान आहे. मात्र प्रत्येकाने आपल्या पायरीवर उभे राहावे.

मालेगावचा दाखला

या विवेकाचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मालेगाव शहरात २००० च्या सुमारास नासिर शेख यांनी व त्यांच्या सोबत्यांनी अल्प साधनांनी 'मालेगाव के शोले' हा विडंबनपट तयार केला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' निघाला. त्याच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि यंत्रमागांच्या या शहराचे नाव देशोदेशी पोचले. या चित्रपटांनी मूळ कृतीचे नाव लपविले नाही. उलट ते शीर्षकातच घेतले आणि त्याला आपल्या गावाचे नाव जोडले. पाहणाऱ्याला घेतलेले कोणते आणि घातलेले कोणते, हे पहिल्या क्षणीच कळे. कायदा अशा विडंबनाकडे कसा पाहतो हा वेगळा प्रश्न आहे. पण प्रेक्षकाशी प्रामाणिक राहण्याची ही रीत ध्यानात घेण्याजोगी आहे.

याच मंडळींच्या जीवनावर रीमा कागती यांनी दिग्दर्शित केलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखविला गेला व २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्यातील एक मुख्य धागा लेखकाच्या खंतीचा आहे. अनेकांनी मिळून केलेल्या कामात लिहिणाऱ्याचे नाव मागे पडते, ही ती खंत. समूहाने केलेल्या कलाकृतीत श्रेयाची वाटणी आधीच स्पष्ट नसेल, तर जिवलग मित्रांतही कटुता येते, हे त्यातून घेण्यासारखे आहे. शाळेत चार मुलांनी मिळून भित्तिचित्र केले, तर रेखाटन कोणाचे, रंग कोणी भरले, कल्पना कोणाची, हे चौघांच्याही नावांसह खाली लिहावे. त्यास दोन मिनिटे लागतात.

कायद्याचे म्हणणे

भारताचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा असून तो जानेवारी १९५८ मध्ये अंमलात आला. त्यातील चार गोष्टी शिक्षकास माहीत असाव्यात.

पहिली गोष्ट अशी की, चित्र काढले जाताच काढणाऱ्याचा हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही आणि कर्त्याच्या वयाची अटही नाही. पाचवीतील मुलीचे चित्र हे कायद्याने तिचेच आहे.

दुसरी गोष्ट मुदतीची. चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षेपर्यंत हा हक्क टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये व चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ मध्ये निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली चित्रे आज सर्वांना मोकळी आहेत. परंतु हयात चित्रकाराने काल मोबाईलवर प्रसिद्ध केलेले चित्र मोकळे नाही. एखादे चित्र सर्वांना दिसते, म्हणजे ते सर्वांचे झाले असे नव्हे. रस्त्यावरून दिसणारी बाग जशी वाटसरूची होत नाही, तसेच हे.

तिसरी गोष्ट अध्यापनाची. शिकविण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची प्रत करणे यास कलम ५२ मध्ये सवलत आहे. फळ्यावर चित्र उतरविण्यास शिक्षकाने मुळीच कचरू नये. मात्र तेच चित्र शाळेच्या विक्रीच्या दिनदर्शिकेवर छापणे हे अध्यापन नव्हे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कलम ५७ अन्वये कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि आपल्या मानास बाधक असा कृतीचा विपर्यास रोखण्याचा विशेष हक्क आहे. स्वामित्व विकून टाकले तरी तो उरतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले व त्याची मोडतोड झाली. शिल्प शासनाच्या मालकीचे होते. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कलावंतास परत देण्याचा व पाच लाख रुपये भरपाईचा निर्णय दिला. वस्तूची मालकी निराळी आणि निर्मात्याचा मान निराळा, हे या निकालाने स्पष्ट झाले. चित्राची कड कापून सही घालविणे ही याच जातीची चूक होय.

समाजाची कला

काही कला एका व्यक्तीच्या नसून समाजाच्या असतात. वारली चित्रे विवाहप्रसंगी सुवासिनी भिंतीवर रेखीत आल्या. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगापुढे नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकनही लाभले. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांत वारली कुटुंबे राहतात. शाळेच्या भिंतीवर वारली आकृती काढणे अवश्य शिकवावे. पण त्या त्रिकोणी माणसांना नुसते 'डिझाइन' म्हणू नये. ही कला कोणाची, देवचौक कोणत्या प्रसंगी काढतात, हे मुलांस सांगावे. जवळ जाणकार वारली बाई असल्यास तिला सन्मानाने वर्गात बोलवावे आणि तिच्या श्रमाचा मोबदला द्यावा.

यंत्राने केलेले चित्र

आता आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. चार शब्द लिहिले की संगणक चित्र तयार करून देतो. हे यंत्र असंख्य चित्रकारांच्या चित्रांवर घडविलेले असते. त्या चित्रकारांना न विचारता असे करणे न्याय्य आहे काय, याविषयी २०२३ च्या आरंभी अमेरिकेत काही चित्रकारांनी न्यायालयात धाव घेतली. २०२५ च्या मार्च महिन्यात जपानच्या घिबली या चित्रपटसंस्थेच्या शैलीत आपली छायाचित्रे करून घेण्याची लाट आली, तेव्हा हाच प्रश्न घरोघरी पोचला.

स्पर्धेच्या दृष्टीने २०२२ चा एक प्रसंग बोधप्रद आहे. अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या जत्रेत अशा यंत्राने केलेल्या चित्रास पहिले बक्षीस मिळाले. स्पर्धकाने प्रवेशिकेत यंत्राचे नाव लिहिले होते. परंतु त्या नावाचा अर्थ परीक्षकांना ठाऊक नव्हता. पुढे मोठा वाद झाला. यावरून दोन बोध घ्यावेत. कबुली द्यावयाची ती समोरच्याला कळेल अशा शब्दांत द्यावी. आणि नियम स्पर्धेपूर्वी सांगावेत, निकालानंतर नव्हे. केंद्रस्तरीय स्पर्धेच्या सूचनापत्रात "चित्र विद्यार्थ्याने स्वहस्ते, शिक्षकासमक्ष काढलेले असावे" हे एक वाक्य घातले, तर तासन् तास बसून काढणाऱ्या मुलावर अन्याय होणार नाही. तसेच निव्वळ संशयावरून कोणत्याही मुलास खोटे ठरवू नये. कच्ची रेखाटने पाहावीत, पुन्हा काढण्यास सांगावे. चांगला हात असणे हा गुन्हा नव्हे.

अभिप्रायाची रीत

गटावर आलेल्या चित्राखाली केवळ अंगठा उमटविणे म्हणजे अभिप्राय नव्हे. आणि सर्वांदेखत "प्रमाण चुकले" असे ठोकून देणे हीही सभ्यता नव्हे. आधी काय साधले ते सांगावे, मग एकच सुधारणा सुचवावी, आणि तीही चित्राविषयी असावी, मुलाविषयी नव्हे. दुसऱ्याच्या चित्रावर आपल्या हाताने दुरुस्ती करण्यापूर्वी त्यास विचारावे. ज्याचा हात चांगला आहे अशा मुलाकडून वा सहकारी शिक्षकाकडून प्रत्येक समारंभाची फलके फुकट रंगवून घेण्याची सवयही सोडावी. कला ही आवडीने केली तरी ते श्रमच आहेत.

श्रेय देताना मुलाची सुरक्षितताही पाहावी. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. नाव आणि इयत्ता पुरेशी आहे. पत्ता, दूरध्वनी वा छायाचित्र पालकांस विचारल्यावाचून देऊ नये.

वर्गात काय करावे

आरंभ पाठ्यपुस्तकापासून करावा. बालभारतीच्या पुस्तकाच्या आतील पानावर मुखपृष्ठकाराचे व चित्रकाराचे नाव छापलेले असते. ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. वर्षभर ज्यांची चित्रे पाहिली त्यांची नावे मुले बहुधा प्रथमच वाचतील. नंतर प्रत्येकाने आपल्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, आकृतीला लागून, नाव, इयत्ता व दिनांक लिहावा. कडेला लिहिलेले नाव सहज कापले जाते. चित्र गटावर पाठविण्यापूर्वी शिक्षकाने मुलास विचारावे, "पाठवू का?" आणि तो नको म्हणाला तर पाठवू नये. दुसऱ्या शाळेचे चित्र पुढे धाडताना नाव नसेल, तर आधी पाठविणाऱ्यास नाव विचारावे. चूक झालीच, तर ज्या गटावर झाली त्याच गटावर ती सुधारावी; कानात मागितलेली माफी चार लोकांत गेलेले नाव परत आणीत नाही.

कारखाना काढणाऱ्या त्या मुलीकडे पुन्हा वळावे. तिला बक्षीस मिळाले नाही तरी चालेल. ती उद्या चित्रकार झाली नाही तरी चालेल. पण तिच्या चित्राखाली तिचे नाव राहिले, तर उद्या तीही दुसऱ्याचे नाव राखील. रात्रभर जागून विणलेल्या कापडावर विणणाऱ्याचे नाव नसते, हे तिने घरी पाहिलेच आहे. शाळेने तरी तिला वेगळे काही दाखवावे.