दाबला की चेपणारा, सोडला की फुगणारा मणी

रक्त अडलं की धोका, हे आपण शिकलो. पण गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठीचा रक्तपुरवठाच तोडला तर? गाठ आक्रसते, अनेकींचं गर्भाशय वाचतं. १९९५ साली फ्रान्समध्ये डॉ. जाक राविना यांच्या गटाने हा उपचार प्रसिद्ध केला.

मांडीच्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात आणि साधारण अर्ध्या मिलिमीटरचे कण सोडतात. सुरुवातीचे कण होते वेडेवाकडे. ते एकमेकांना चिकटून नळीतच अडकायचे. म्हणून गोल, सच्छिद्र, पाणी धरणारे मणी आले. ओला स्पंज बाटलीच्या तोंडातून दाबून आत सारून बघा, आत गेला की फुगतो. तसंच हे!

पण फार मऊ मणीही नकोत बरं का. ते चेपून पुढे सरकतात, आणि गाठीचा काही भाग जिवंतच राहतो.