वल्ह्यांचे बळ

बडोद्याचा माणूस गायकवाडी वैभव सांगू लागला, की पागा, हत्ती नि दरबार यांतच रमतो. बिलिमोऱ्यास गायकवाडांचे आरमार होते, हे क्वचितच त्याच्या ओठी येते. आमचे घर दरबारी गवयाचे. दर्याशी आमचाही संबंध नाही. तरी पादऱ्यास मुलांना गाणे शिकविताना मला पुष्कळदा खांदेरी आठवते.

सन १६७९. मुंबई बंदराच्या तोंडावरील या बेटावर मायनाक भंडाऱ्याने शिवछत्रपतींसाठी तटबंदी आरंभली. इंग्रजांनी जहाजे आणून बेटाची वाट अडविली. पण मोठ्या जहाजाला वारा हवा, खोल पाणी हवे. मराठ्यांच्या होड्या वारा पडला तरी वल्ह्यांवर चालत, थळच्या किनाऱ्याहून उथळ पाण्यातून रसद पोहोचवीत. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब पकडली. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. लहान गळ्याच्या गवयाने आपली पट्टी ओळखून मैफल जिंकावी, तसेच हे!

पुढे कान्होजी आंग्र्यांनी १७१८ साली इंग्रजांना खांदेरीवरून आणि १७२१ साली इंग्रज-पोर्तुगिजांना कुलाब्यावरून परतविले. मात्र १७५६ साली नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांवर मोहीम केली, आणि विजयदुर्गाच्या आश्रयाला असलेले ते आरमार जळून गेले. परक्यांना एकट्याने जे साधले नव्हते, ते आमच्या घरच्या वैराने साधून दिले. पट्टी कितीही अचूक लागो, साथीदारांत बेबनाव झाला की मैफल हातची जाते.