घराची बुद्धी घरातच

दिवे, पंखे, गिझर, पाण्याचा पंप, दाराचे कुलूप यांसारख्या रोजच्या उपकरणांनी ठरावीक वेळी किंवा ठरावीक परिस्थितीत कोणी हात न लावता आपापले काम सुरू करावे आणि थांबवावे, अशी योजना म्हणजे गृहस्वयंचलन, अर्थात होम ऑटोमेशन. गेल्या काही वर्षांत स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग आणि बोलून चालणारे स्पीकर शहरांतील अनेक मध्यमवर्गीय घरांत आले असले, तरी या वस्तू विकत घेणे वेगळे आणि त्या वर्षानुवर्षे विनातक्रार चालवणे वेगळे. तंत्रज्ञानाची हौस असलेली, स्वतः तारा जोडणारी आणि सॉफ्टवेअर बसवणारी मंडळी काही काळ या कामात घालवल्यानंतर बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन ठेपतात, आणि तो असा की दिवा लावण्याचा निर्णय नेमका कोठे होतो. भिंतीवरील बटण दाबले की तो त्याच खोलीत होतो. अनेक स्मार्ट बल्बांच्या बाबतीत मात्र मोबाइलवरून दिलेली आज्ञा घराच्या राउटरमधून बाहेर पडते, कंपनीच्या सर्व्हरपर्यंत, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमध्ये अहोरात्र चालू असलेल्या संगणकापर्यंत जाते, आणि तेथून परत येऊन चार हातांवरच्या बल्बपाशी पोहोचते. हा वळसा कशासाठी घेतला जातो आणि तो टाळता येतो का, यावर घराचे स्वयंचलन टिकाऊ ठरणार की तकलादू, हे बरेचसे अवलंबून असते.

या तंत्राची सुरुवात झाली तेव्हा असा वळसा नव्हता. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 1975 मध्ये ‘एक्स-10’ ही पद्धत विकसित केली. कंपनीचा तो दहावा प्रकल्प असल्याने तिला हे नाव मिळाले. वेगळ्या तारा न टाकता घरातील विजेच्या तारांमधूनच संदेश पाठवायचा, ही तिच्यामागची कल्पना होती. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिचा दाब वरखाली होत एका सेकंदात अनेक आवर्तने पूर्ण करतो, भारतात 50 आणि अमेरिकेत 60, आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो. शून्याच्या त्या क्षणी तारेतील विद्युत गोंगाट कमी असतो हे हेरून एक्स-10 नेमक्या त्याच वेळी 120 किलोहर्ट्झचा छोटा स्पंद सोडत असे. सोळा गृहसंकेत आणि प्रत्येकात सोळा उपकरणे, अशा रीतीने एकूण 256 पत्ते मिळत. पद्धत कल्पक होती, स्वस्त होती आणि पूर्णपणे घरापुरती होती. परंतु तिची बहुतेक उपकरणे आज्ञा ऐकत, उत्तर देत नसत, त्यामुळे एखाद्या टीव्हीने किंवा मोटरने तारेत गोंगाट केला आणि संदेश हरवला, तर दिवा लागला की नाही हे नियंत्रकाला कळण्याचा मार्गच नव्हता. उपकरणाची या क्षणाची स्थिती ठाऊक नसेल तर स्वयंचलन निव्वळ अंदाजावर चालते.

ही उणीव आजच्या भारतीय घरांत पंख्याच्या रूपाने पुन्हा आलेली दिसते. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅट वीज घेतो, तर ब्रशलेस डीसी मोटरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मंडलाच्या साहाय्याने फिरणाऱ्या मोटरचा, पंखा साधारण 30 वॅटमध्ये तेवढीच हवा देतो, आणि असे पंखे घरोघरी पोहोचवण्यात आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या अ‍ॅटमबर्गसारख्या कंपन्यांचा वाटा मोठा आहे. यांपैकी अनेक पंखे अवरक्त किरणांच्या रिमोटवर चालतात. रिमोटची नक्कल करणारे छोटे यंत्र खोलीत ठेवून असा पंखा मोबाइलवरून चालवता येतो, पण अवरक्त संदेशही एकतर्फीच असल्याने घरातील कोणी हातातल्या रिमोटने पंखा बंद केला, तरी अ‍ॅपमध्ये तो चालूच दिसत राहतो. हौशी लोक यावर पंख्याला जाणारा विजेचा भार मोजणारा मॉड्यूल स्विचबोर्डात बसवतात आणि पंखा खरोखर फिरतो आहे का, हे त्या आकड्यावरून ओळखतात. उपाय सोपा असला तरी त्यामागची दृष्टी महत्त्वाची आहे, कारण त्यात दिलेल्या आज्ञेवर विसंबून न राहता प्रत्यक्ष मोजमापावर विश्वास ठेवलेला असतो.

इंटरनेटचा वळसा आला तो वायफायच्या स्वस्ताईतून. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ‘ईएसपी 8266’ ही वायफायची चिप 2014 मध्ये बाजारात आली आणि प्लग, बल्ब, स्विच अशा कोणत्याही वस्तूला अगदी थोड्या खर्चात जाळ्याशी जोडणे शक्य झाले. घरातील राउटर बाहेरून आपणहून येणाऱ्या जोडण्या आत सोडत नाही, म्हणून बाहेरगावी असलेल्या मालकाला घरातील दिवा लावता यावा यासाठी उत्पादकांनी सोपी युक्ती योजली, ती अशी की उपकरणाने आतूनच कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करून ती सतत उघडी ठेवायची आणि मोबाइलच्या अ‍ॅपने त्याच सर्व्हरमार्फत बोलायचे. दुरून चालवण्यासाठी ही सोय योग्यच आहे. अडचण अशी की अनेक उपकरणांनी घरात बसून दिलेल्या आज्ञेसाठीही तोच मार्ग ठेवला, आणि त्यामुळे विकत घेतलेल्या वस्तूचे आयुष्य विकणाऱ्याच्या सर्व्हरच्या आयुष्याशी बांधले गेले. ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचा सुमारे 300 डॉलर किमतीचा नियंत्रक बनवणारी कंपनी 2014 मध्ये गूगलच्या मालकीच्या नेस्टने विकत घेतली, आणि मे 2016 मध्ये त्याची सेवा बंद होताच सुस्थितीत असलेली ती यंत्रे निरुपयोगी झाली. ‘इन्स्टिऑन’ या अमेरिकेतील पद्धतीचे सर्व्हर एप्रिल 2022 मध्ये अचानक थांबले तेव्हा भिंतीवरचे स्विच चालत राहिले, पण अ‍ॅप आणि त्यावर आधारलेली वेळापत्रके गेली. पुढे तिच्या ग्राहकांपैकीच काही जणांनी एकत्र येऊन ती मालमत्ता विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू केली. पैसे मोजून घेतलेली वस्तू बिघाड नसताना बंद पडणे हे ग्राहकावर उघड अन्यायकारक आहे.

याला मिळालेले सर्वांत समर्थ उत्तर मुक्त सॉफ्टवेअरमधून आले. डच प्रोग्रामर पाउलस स्कौटसेन यांनी 2013 मध्ये ‘होम असिस्टंट’ लिहायला सुरुवात केली, आणि त्यांची पहिली गरज अगदी साधी होती, ती म्हणजे सूर्यास्ताला घरातील दिवे आपोआप लागावेत. घड्याळाची वेळ लावून हे नीट साधत नाही. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सव्वासात उलटून जातात, म्हणून गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन सूर्यास्ताची वेळ रोज गणिताने काढणारा कार्यक्रमच लागतो. आज होम असिस्टंट रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किंवा जुन्या लॅपटॉपवर घरातच चालते, निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांशी बोलते, आणि त्याची मालकी कोणा एका कंपनीकडे जाऊ नये म्हणून 2024 मध्ये ती ओपन होम फाउंडेशन या स्वित्झर्लंडमधील संस्थेकडे सोपवण्यात आली.

अशा घरगुती सर्व्हरच्या जोडीला अनेकदा ‘एमक्यूटीटी’ हा प्रोटोकॉल, म्हणजे संदेश पाठवण्याचा ठरलेला नियमसंच, वापरला जातो. तो 1999 मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि त्यांचे सहकारी आर्लेन निपर यांनी वाळवंटातील तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी रचला. उपग्रहाची जोडणी महाग आणि बेभरवशाची असल्याने संदेश शक्य तितके छोटे असणे भागच होते. यात सर्व संदेश ‘ब्रोकर’ नावाच्या मध्यस्थ कार्यक्रमाकडे येतात आणि ज्याला ज्या विषयाची माहिती हवी असेल त्याला तो ती पोहोचवतो. यातील सर्वांत सुंदर तरतूद ‘शेवटच्या इच्छे’ची आहे, जिच्यामुळे प्रत्येक उपकरण जोडणी करतानाच आपण अचानक गप्प झालो तर इतरांना कोणता संदेश द्यावा हे ब्रोकरकडे नोंदवून ठेवते, आणि टाकीवरचा सेन्सर बंद पडला तर ती बातमी घराला आपोआप मिळते.

यापुढचे प्रश्न सॉफ्टवेअरपेक्षा विजेचे आणि हवामानाचे आहेत, आणि परदेशी माहितीपुस्तिकांत त्यांची उत्तरे क्वचितच सापडतात. त्यांतला पहिला प्रश्न लाइट जाण्याचा. वीज परत आली की बरेचसे स्मार्ट बल्ब मूळ ठेवणीप्रमाणे पूर्ण तेजाने लागतात, त्यामुळे पावसाळ्यात रात्री तीन वाजता वीज जाऊन आली की सगळे घर उजळून जागे होते. वीज आल्यावर आधीची स्थिती पुन्हा घेण्याची सोय उपकरणात आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहणे शहाणपणाचे. रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड लिखाण चालू असताना वीज गेल्यास खराब होऊ शकते, म्हणून जाणकार त्याऐवजी एसएसडी वापरतात आणि राउटर व सर्व्हर दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर घेतात. हालचाल ओळखणारा नेहमीचा पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतील फरकावर काम करतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचले की त्याची नजर मंदावते, आणि शांत बसून वाचणारा माणूस तर त्याला एरवीही दिसत नाही. श्वासाची हालचालही टिपणारे मिलिमीटर-तरंगांचे रडार सेन्सर ही उणीव भरून काढतात, पण फिरता पंखा आणि हलता पडदा यांनाही ते माणूस समजू शकतात, म्हणून त्यांची जागा आणि संवेदनशीलता चिकाटीने ठरवावी लागते.

भाराचा हिशेब याहून गंभीर आहे. दोन किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टला सुमारे 8.7 अँपिअर घेतो आणि तीन किलोवॅटचा 13 अँपिअर, तर पुष्कळशा स्वस्त स्मार्ट स्विचमधील रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप होणारा संपर्क, 10 अँपिअरपुरताच असतो. पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटून पंप बंदच न होण्याची भीती असते, म्हणून तेथे रिलेने थेट मोटर न चालवता मजबूत कॉन्टॅक्टर चालवावा आणि हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. टाकी भरल्यावर पंप थांबवण्यासाठी पाण्याची पातळी ध्वनिलहरींनी मोजणारा सेन्सर उपयोगी असला, तरी सॉफ्टवेअर अडकले तर टाकी वाहत राहू नये म्हणून साधा तरंगता फ्लोट स्विच त्याच मार्गावर ठेवणे आवश्यक आहे. गिझरचा थर्मोस्टॅट, एमसीबी, अर्थिंग यांची जागा कोणत्याही कार्यक्रमाने घेऊ नये.

स्वयंचलन ही केवळ शहरी हौस नव्हे, हे महाराष्ट्राच्या शेतीने फार आधी दाखवून दिले आहे. शेतीपंपांना वीज आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री मिळत असल्याने विहिरीपर्यंत अंधारात, साप-विंचवांतून चालत जाणे अनेक शेतकऱ्यांच्या वाट्याला येत राहिले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी तयार केलेल्या ‘नॅनो गणेश’ या यंत्रामुळे पंपाच्या स्टार्टरला जोडलेल्या मोबाइल मॉडेमवर फोन करून, सांकेतिक आकडे दाबून पंप चालू-बंद करता येऊ लागला, आणि पंपापाशी वीज आहे की नाही हेही फोनवरच कळू लागले. साध्या बटणांच्या फोनवर, इंटरनेटविना चालणाऱ्या या रचनेत आज्ञा आणि तिचे उत्तर दोन्ही होते.

सुरक्षेचा प्रश्नही निर्णयाच्या जागेशी जोडलेला आहे. 2016 मध्ये ‘मिराय’ या घातक कार्यक्रमाने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्या वर्षी 21 ऑक्टोबरला त्यांच्याकरवी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला होऊन अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली. कॅमेरे आणि स्विच यांना राउटरमध्ये वेगळे जाळे देऊन त्यांचा बाहेरचा रस्ता बंद करणे हा यावरचा परिणामकारक उपाय आहे, पण तो ज्यांचे काम इंटरनेटविना चालते अशाच उपकरणांना लागू पडतो. ऑक्टोबर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘मॅटर’ हे सामाईक मानक उपकरणांना घरातल्या घरात परस्परांशी बोलायला लावते, ही त्यामुळेच स्वागतार्ह गोष्ट आहे. बोलण्याच्या बाबतीतही अशीच वाट उघडते आहे. ओपनएआयने 2022 मध्ये खुले केलेले ‘व्हिस्पर’ हे बोलणे लिपीबद्ध करणारे सॉफ्टवेअर मराठीही ओळखते आणि घरातील पुरेशा वेगवान संगणकावर चालते, जरी बोलीतील उच्चारांवर ते अजून अडखळते.

या साऱ्या उद्योगाची खरी परीक्षा घरातील इतर माणसे घेतात. स्मार्ट बल्ब बसवला आणि आजींनी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले की बल्बची वीजच जाते आणि कोणतेही अ‍ॅप त्याला जागे करू शकत नाही. शिवाय झिग्बीसारख्या पद्धतीत, जेथे प्रत्येक बल्ब शेजारच्या उपकरणाचे संदेश पुढे पोहोचवतो, तेथे एक बटण बंद होताच आणखी दोन-तीन सेन्सर गप्प होऊ शकतात. म्हणून बल्बऐवजी बटणामागेच छोटा मॉड्यूल बसवणे चांगले, आणि भारतातील स्विचबोर्डांत सॉकेटसाठी न्यूट्रल तार बहुधा आलेलीच असल्याने ते येथे तुलनेने सोपे जाते. कोणता मॉड्यूल कोणत्या बोर्डात आहे, सर्व्हरचा पासवर्ड काय, आणि सर्व काही बंद पडल्यास पंप थेट कोणत्या बटणाने सुरू करायचा, हे एका कागदावर स्वच्छ मराठीत लिहून मीटरच्या पेटीत लावलेले असावे, कारण ही रचना उभी करणारा माणूस परगावी असतानाही सकाळी टाकीत पाणी चढलेच पाहिजे.