अतिफॉस्फेटरक्तता
रक्तरसातील फॉस्फेटाचे प्रमाण स्वाभाविक मर्यादेपलीकडे वाढण्याच्या अवस्थेस अतिफॉस्फेटरक्तता म्हणतात. निरोगी प्रौढाच्या १०० मिलि. रक्तरसात सु. २·५ ते ४·५ मिग्रॅ. अकार्बनी फॉस्फरस असतो. वृक्कांचा (मूत्रपिंडांचा) चिरकारी विकार हे या अवस्थेचे प्रमुख कारण होय.

अन्नातून शोषलेले जादा फॉस्फेट वृक्क मूत्रावाटे उत्सर्जित करतात. त्यांचे कार्य मंदावू लागल्यावर परावटू ग्रंथींच्या व अस्थिकोशिकांच्या हॉर्मोनांचा स्राव वाढून काही काळ समतोल टिकतो; म्हणून रक्तातील वाढ बहुधा विकाराच्या उत्तरावस्थेतच दिसते. तिची स्वतंत्र लक्षणे थोडी असून पुष्कळदा केवळ रक्तपरीक्षेनेच ती कळते. पुढे अस्थी ठिसूळ होतात, कंड सुटते आणि रक्तवाहिन्यांत कॅल्सियमाचे निक्षेपण होऊन हृद्‌रोगाचा धोका वाढतो.

उपचार : आहारनियमन, फॉस्फेटबंधक औषधे व अपोहन (डायालिसिस) ही उपचाराची तीन अंगे होत. दैनिक आहारातील फॉस्फरस सामान्यतः ८०० ते १,००० मिग्रॅ. इतका मर्यादित ठेवतात. तथापि अन्नातील एकूण मात्रेइतकेच त्याच्या शोषणालाही महत्त्व असते. बीड जिल्ह्यात ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीचे वरण व शेंगदाण्याची चटणी नित्याची आहे. या धान्य-कडधान्यांतील बहुतेक फॉस्फरस फायटेटाच्या रूपात असतो व मानवी आतड्यात त्याचे विघटन अल्पच होत असल्याने त्याचा निम्म्याहून कमी भाग शोषला जातो. दूध, अंडी व मांस यांतील फॉस्फरस अधिक प्रमाणात, तर डबाबंद पदार्थांत मिसळलेली फॉस्फेट लवणे जवळजवळ पूर्णपणे शोषली जातात. म्हणून भाकरी-वरण सरसकट वर्ज्य करणे योग्य नव्हे. अपोहनावरील रुग्णास प्रथिनांची गरज उलट वाढते. डाळ भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून दिल्यास फॉस्फेट व पोटॅशियम दोन्ही घटतात.

बंधक औषधे अन्नातील फॉस्फेटाशी आतड्यातच संयोग पावतात. त्यामुळे ती जेवणाबरोबरच घ्यावी लागतात, उपाशीपोटी घेतल्यास व्यर्थ ठरतात. पूर्वी प्रचलित असलेले ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड मेंदू व अस्थींस अपायकारक ठरल्याने त्याचा दीर्घकाल वापर मागे पडला. त्याच्या जागी कॅल्सियम ॲसिटेट व कार्बोनेट, तसेच कॅल्सियमविरहित सेव्हेलॅमर व लँथॅनम कार्बोनेट वापरतात.

चार तासांच्या एका अपोहनात स्थूलमानाने ८०० मिग्रॅ. फॉस्फरस निघतो, म्हणजे आठवड्यातील तीन वेळांत सु. २,४०० मिग्रॅ. रोजच्या १,००० मिग्रॅ.पैकी ६०% शोषला गेला, तरी आठवड्यास ४,२०० मिग्रॅ. शरीरात येतो. यावरून केवळ अपोहन अपुरे का पडते, हे स्पष्ट होते.

बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी सु. सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. त्यांतील रुग्णाच्या अपोहनात खंड पडल्यास फॉस्फेटाबरोबरच पोटॅशियम व पाणी साठून जीवितास धोका संभवतो. २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय अपोहन कार्यक्रमानुसार जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांस ही सेवा विनामूल्य देण्याची तरतूद आहे. मुक्कामाजवळील अपोहन केंद्र निघण्यापूर्वीच निश्चित करणे व बंधक गोळ्या पुरेशा बरोबर नेणे, हे अशा रुग्णाच्या उपचाराचेच अंग ठरते.