लाल पाकिटाचा फंडा

नेटफ्लिक्सला आपण ओळखतो ते स्ट्रीमिंगसाठी. पण या कंपनीची खरी भन्नाट आयडिया इंटरनेटवर नाही, पोस्टाच्या पाकिटात जन्मली!

नेटफ्लिक्स म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चिप्सचं पाकीट, पांघरूण आणि 'आणखी एकच एपिसोड' म्हणता म्हणता उजाडलेली पहाट. पण मंडळी, पहिली नऊ वर्षं या कंपनीने इंटरनेटवरून एकही सिनेमा दाखवला नव्हता. ती चक्क पोस्टाने डीव्हीडी पाठवायची!

गोष्ट कॅलिफोर्नियातली. १९९७ साली रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ हे दोघं इंटरनेटवरून काय विकता येईल, याचा विचार करत होते. व्हिडीओ कॅसेट पोस्टाने पाठवायची तर जड. त्याच वर्षी अमेरिकेत डीव्हीडी आली, पातळ आणि हलकी. पण वाटेत फुटली तर? म्हणून दोघांनी हेस्टिंग्जच्याच घरी साध्या पाकिटातून एक सीडी पाठवून पाहिली. दुसऱ्या दिवशी ती सुखरूप हजर! १४ एप्रिल १९९८ ला जेमतेम ९२५ डीव्हीडींवर दुकान सुरू झालं.

दंड नाही, टेन्शन नाही!

हेस्टिंग्जला एका सिनेमाच्या लेट फीपोटी ४० डॉलर भरावे लागले आणि त्यातून कंपनी सुचली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. रँडॉल्फने नंतर सांगितलं, की लोकांना आयडिया पटकन समजावी म्हणून ती सांगितली जायची. कारण सुरुवातीला नेटफ्लिक्सही एकेका डिस्कचं भाडं घ्यायची आणि उशीर झाला की दंडही!

खरा बदल झाला सप्टेंबर १९९९ मध्ये. महिन्याचे ठरावीक पैसे भरा, डिस्क हवी तितके दिवस ठेवा. एक परत आली, की तुमच्या यादीतली पुढची रवाना. आमच्या कॉलनीतले सीडी लायब्ररीवाले काका चोवीस तास उलटले की वहीत दुसऱ्या दिवसाचं भाडं मांडायचे. त्यामुळे हा फंडा मला फारच दिलदार वाटला. पण जरा हिशेब करा. डिस्क महिनाभर टीव्हीवर धूळ खात पडली, तर कंपनीचा पोस्टाचा खर्च वाचतो आणि वर्गणी तर मिळतेच. म्हणजे आळशी गिऱ्हाईक सगळ्यात फायद्याचं!

२००० साली हे दोघं भाड्याने व्हिडीओ देणाऱ्या बलाढ्य 'ब्लॉकबस्टर'कडे गेले. पाच कोटी डॉलरला आमची कंपनी घ्या, म्हणाले. ब्लॉकबस्टरने नकार दिला. २०१० मध्ये त्याच ब्लॉकबस्टरने दिवाळखोरी जाहीर केली.

डिस्क गेली, मालकीही गेली

जानेवारी २००७ मध्ये स्ट्रीमिंग आलं, सुमारे हजार सिनेमे-मालिकांसह. इथे गंमत कायद्याची. अमेरिकेत एकदा विकत घेतलेली डिस्क भाड्याने द्यायला स्टुडिओची परवानगी लागत नाही. स्ट्रीमिंगला मात्र दर वेळी करार हवा. करार संपला की सिनेमा गायब! दुसऱ्यांच्या मालावर किती दिवस काढणार? मग स्वतःच्या मालिकांवर पैसा लागला. २०१३ मध्ये 'हाऊस ऑफ कार्ड्स'चे तेराही एपिसोड एकाच दिवशी आले आणि 'बिंज'चं व्यसन जगाला लागलं.

भारतात नेटफ्लिक्स आलं जानेवारी २०१६ मध्ये, तेव्हा सगळ्यात स्वस्त प्लॅन ५०० रुपयांचा होता. पण आपल्याकडचं पब्लिक महा हिशेबी! २०१९ मध्ये १९९ रुपयांचा मोबाइल प्लॅन आणावा लागला. डिसेंबर २०२१ मध्ये तोही १४९ वर उतरला. दरम्यान २०१८ मध्ये मुंबईतला 'सेक्रेड गेम्स' गाजला आणि २०२१ मध्ये चैतन्य ताम्हाणेचा मराठी 'द डिसायपल' इथूनच जगभर पोचला. थिएटरच्या भरवशावर हे घडलं असतं का, याची मला शंकाच आहे.

२९ सप्टेंबर २०२३ ला शेवटचं लाल पाकीट पोस्टात पडलं. २५ वर्षांत पाच अब्जांवर डिस्क रवाना झाल्या होत्या. २०२४ संपताना पैसे भरणारे सभासद होते ३० कोटींहून जास्त. पाकीट संपलं, पण १९९९ चा फंडा तसाच आहे. तुम्ही बघा, नका बघू, मीटर चालूच!

माझ्यासारख्या फ्रीलान्सरचं मानधन कधी येईल याचा नेम नाही, वर्गणी मात्र तारखेला कापली जाते. ऑटो-पेचे पैसे कापण्याआधी निदान एक दिवस मेसेज आला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज आला, की मी स्वतःला विचारते, या महिन्यात नक्की काय पाहिलं? उत्तर सुचलं नाही, तर त्याच रात्री प्लॅन बंद. पुढच्या महिन्यात काही झक्कास आलं, तर पुन्हा सुरू करायला कोण अडवतंय? लेट फी तर नाहीच!