स्मार्ट दिवे आणि आजीचं बटण

रविवारी सकाळी मेसच्या लाईनीत उभा होतो, तेवढ्यात बाबांचा फोन. "रात्री आजी पडली. फार काही नाही, मनगट सुजलंय. पण आधी ते तुझे दिवे काढ." त्या 'तुझे दिवे' मध्ये बाबांनी जे काही भरलं होतं, ते कॉलेजच्या अंकात छापण्यासारखं नाही!

मित्रांनो, झालं होतं असं. आमचं सांगलीचं घर जुनं. मे महिन्याच्या सुट्टीत हॉल आणि दोन खोल्यांना पीओपी केलं. "घरात इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर असताना दुकानदाराला कशाला विचारायचं?" असं म्हणून बाबांनी दिव्यांचं काम माझ्यावर सोपवलं. (दोन बॅकलॉगवाल्या इंजिनिअरवर!) मी बारा स्मार्ट कन्सील्ड दिवे आणले. कन्सील्ड म्हणजे छताला गोल भोक पाडून आत बसवतात ते. मोबाईलवरून चालू-बंद, मंद-प्रखर, पिवळे, पांढरे, अगदी जांभळेसुद्धा. आठ दिवस घरात दिवाळी. मग मी हॉस्टेलला परत आलो आणि ज्या मोबाईलमध्ये ॲप होतं तो मोबाईलही माझ्याबरोबर आला.

पावसाळ्यात पहिली तक्रार आली. रात्री लाईट गेली, अडीचला आली आणि बाराही दिवे फुल्ल प्रखर लागले. बरेचसे स्मार्ट दिवे वीज आली की आपोआप लागतात. भिंतीवरचं बटण कुणी दाबलं की गेलेली लाईट परत आली, हे दिव्याला कळत नाही. मी हॉस्टेलच्या कॉटवर बसूनच ॲपमध्ये सेटिंग बदललं : वीज आल्यावर दिवा आधी होता तसाच राहील. शिवाय आजीच्या खोलीचे दिवे रात्री अकराला आपोआप बंद. रूममेटसमोर भावही खाल्ला.

आता गंमत बघा. आजी पहाटे तीनला उठली. दिवा ॲपने बंद केलेला, भिंतीवरचं बटण मात्र चालूच. तिनं बटण दाबलं, तेव्हा दिव्याची वीज तुटली. परत दाबलं, वीज आली. पण आपण मघाशी बंद होतो हे दिव्याच्या लक्षात होतं, म्हणून तो बंदच राहिला. दहा वेळा दाबलं असतं तरी लागला नसता. आजी भिंत धरून अंधारात निघाली आणि स्टुलाला अडखळली. दिवा बिघडला नव्हता हो. मी सांगितलं तसाच वागला!

त्याच दुपारची एसटी धरली. जाताना जो विचार केला, तो खरं तर खरेदीच्या आधी करायला हवा होता. तुमच्याही घरी कधीतरी हे काम तुमच्यावर येईल, म्हणून क्रमानं सांगतो.

१. बटण दाबल्यावर काय होणार?

हा प्रश्न पहिला. स्मार्टपणा दोन ठिकाणी ठेवता येतो : दिव्यात किंवा बोर्डात. दिव्यात ठेवला तर रंग आणि प्रखरता बदलता येते, पण भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. कुणी सवयीनं बंद केलं की ॲप म्हणतं 'ऑफलाईन'. दुसरा मार्ग म्हणजे दिवे साधे घ्यायचे आणि बोर्डाच्या आत छोटं रिले मॉड्यूल बसवायचं. मग बटणही चालतं, मोबाईलही चालतो. वायफाय बंद पडलं तरी बटण चालतंच. मात्र अशा बहुतेक मॉड्यूलना न्यूट्रल वायर लागते. आपल्याकडे बोर्डावर एखादा प्लग पॉइंट असेल तर न्यूट्रल तिथं असतोच, नुसत्या बटणांच्या बोर्डात नसू शकतो. वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या, मगच पैसे मोजा. आणि जुना डिमर असेल तर त्याच्यावर स्मार्ट दिवा लावू नका.

२. उजेड किती आणि कसा?

वॉट वाचू नका, ल्युमेन वाचा. दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. झोपायच्या खोलीत १५० लक्स धरले तर ११ × १५० = १६५० ल्युमेन खाली पोचायला हवेत. भिंती आणि छत काही प्रकाश खातात. साठ टक्के पोचतो असं धरलं तर सुमारे २७५० ल्युमेन लागतात. म्हणजे ७०० ल्युमेनचे चार दिवे. मी तिथं १२०० चे चार लावले होते! रंगासाठी केल्विन बघा : २७०० ते ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० पांढराफटक. सीआरआय ८० च्या खाली नको, स्वयंपाकघरात ९० असेल तर भाजीचा रंग भाजीसारखा दिसतो. दिवा भोकात जितका आत, तितका डोळ्यांवर कमी येतो. उशीच्या बरोबर वर तर लावूच नका.

३. भोक आणि ड्रायव्हर

भोकाचं माप खोक्यावर मिलिमीटरमध्ये असतं. दिवा हातात आल्याशिवाय भोक पाडू देऊ नका. एलईडीची उष्णता मागच्या बाजूनं बाहेर पडते, म्हणून पीओपीच्या वर मोकळी जागा हवी. ड्रायव्हर वेगळा असेल असा दिवा घ्या, म्हणजे ड्रायव्हर गेला तर तेवढाच बदलता येतो. जिथं व्होल्टेज वरखाली होतं तिथं ड्रायव्हरची मर्यादा वाचा. आणि खोक्यावर बीआयएसचा 'आर' नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे.

४. दिवा कुणाच्या भरवशावर?

बहुतेक वायफाय दिवे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, राऊटर नुसता ५ वर असेल तर जोडलेच जात नाहीत. झिगबीच्या दिव्यांना वेगळा हब लागतो, पण ते निरोप एकमेकांकडून पुढे पोचवतात. काही दिव्यांचा हुकूम मात्र कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतो. अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद झाले आणि लोकांच्या घरातले दिवे ॲपचं ऐकेनासे झाले. पुढे जूनमध्ये काही ग्राहकांनीच कंपनी विकत घेऊन सेवा सुरू केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या 'मॅटर' मानकाचे दिवे इंटरनेट नसतानाही घरातल्या घरात चालू शकतात. शक्य असेल तर ते बघा.

आणि हो, बंद असलेला स्मार्ट दिवाही हुकमाची वाट बघत थोडी वीज खातो. अर्धा वॉट धरा. बारा दिवे, दिवसातले १८ तास बंद, तरी वर्षाला ३९ युनिट. उजेड शून्य!

असो. सोमवारी वायरमन काका आले. आजीच्या खोलीत साधे दिवे लावायचे ठरले, तर मी आणलेल्यांची मापं लहान निघाली. काका म्हणाले, "साहेब, भोक मोठं करता येतंय, बारकं कसं करू?" परत दुकानात जाऊन त्याच मापाचे, ३००० केल्विनचे चार साधे दिवे आणले. दाराजवळ खालच्या प्लगला छोटा नाईट लॅम्प लावला. हॉलचे स्मार्ट दिवे ठेवले, वेळापत्रक काढून टाकलं आणि ॲप आईच्या मोबाईलवर टाकलं.

आजीनं मनगटाला पट्टी बांधलेल्या हातानं बटण दाबलं. लागला. परत दाबलं. विझला. चार-पाचदा करून बघितलं आणि म्हणाली, "हां, आता ऐकतंय."

परवा वायव्हाला सरांनी विचारलं, "चांगल्या कंट्रोल सिस्टीमचं लक्षण काय?" पुस्तकातलं उत्तर दिलं. मनात आजीचं होतं.